तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफासाठी खुलताबादला मकबरा बांधला, पण तो रिकामाच राहिला

खुलताबाद म्हटलं की पहिल्यांदा औरंगजेबाची कबर आठवते. इतिहासाची थोडी जास्त आवड असलेला माणूस मलिक अंबरचंही नाव घेतो. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी या सूफी संतांचे दर्गे इथेच आहेत. हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळ पुरुष, पहिला निजाम-उल-मुल्क, यालाही १७४८ मध्ये इथेच दफन करण्यात आलं. बाजूला वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर, गावात भद्रा मारुती. एवढ्याशा परिसरात इतका इतिहास क्वचितच कुठे एकत्र सापडेल.

याच खुलताबादला एक मकबरा असा आहे ज्यात कुणालाच दफन केलेलं नाही. तो बांधला हैदराबादच्या सातव्या निजामानं, मीर उस्मान अली खान यानं. आणि ज्यांच्यासाठी बांधला ते होते इस्तंबूलचे दुसरे अब्दुलमजीद, ऑटोमन घराण्यातले शेवटचे खलिफा.

इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये वारलेल्या या माणसासाठी मराठवाड्यात मकबरा बांधायची वेळ का आली, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं.

आठव्या वर्षी वडील गेले, मग राजवाड्यातली कैद

अब्दुलमजीद यांचा जन्म २९ मे १८६८ चा. ऑटोमन लोकांच्या लेखी ही तारीख मोठी, कारण १४५३ साली याच दिवशी सुलतान दुसरा मेहमद यानं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकून घेतलं होतं.

अब्दुलमजीद यांचे वडील सुलतान अब्दुलअजीज. पश्चिम युरोपचा दौरा करणारा हा पहिला ऑटोमन सुलतान. १८६७ साली त्यानं पॅरिस, लंडन, व्हिएन्ना पाहिलं. पण राज्य कर्जात बुडालेलं होतं आणि मंत्री नाराज होते. ३० मे १८७६ ला त्याला गादीवरून उतरवण्यात आलं आणि पाचच दिवसांत तो मृतावस्थेत सापडला. सरकारी निष्कर्ष आत्महत्येचा निघाला, पण खुनाचा संशय पुढे कित्येक वर्षं घेतला गेला. अब्दुलमजीद तेव्हा आठ वर्षांचे होते.

त्याच वर्षी दुसरा अब्दुलहमीद गादीवर आला आणि त्यानं तेहतीस वर्षं राज्य केलं. हा सुलतान अत्यंत संशयी. घराण्यातले इतर राजपुत्र म्हणजे आपल्या गादीवर डोळा असलेली माणसं, असा त्याचा हिशेब. त्यामुळे अब्दुलमजीद यांचं बालपण आणि तारुण्य राजवाड्याच्या भिंतीआड, हेरांच्या नजरेखाली गेलं.

बाहेर जाता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आतच आपलं जग उभं केलं. ते चित्रं काढायला शिकले, पियानो, व्हायोलिन आणि चेलो शिकले, आणि पुस्तकांचा मोठा संग्रह केला. त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे राजवाड्यातली बेथोवनची मैफल. दिवाणखान्यात बायका आणि पुरुष मिळून युरोपियन वाद्यं वाजवतायत आणि बाजूला बेथोवनचा अर्धपुतळा, असं ते चित्र आहे. दुसऱ्या एका चित्रात राजवाड्यातली स्त्री गटेचं पुस्तक घेऊन निवांत पहुडलेली दिसते. ही दोन्ही चित्रं १९१८ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात लागली होती. अब्दुलहमीद गेल्यावर १९०९ मध्ये ऑटोमन चित्रकारांची संस्था निघाली, तिचेही ते आश्रयदाते होते.

पुढे सगळ्या जगातल्या सुन्नी मुसलमानांचा धर्मप्रमुख ठरणारा माणूस हा असा होता. नमाज चुकवायचा नाही आणि बेथोवनही सोडायचा नाही.

गादी इस्तंबूलला, कारभार अंकाराला

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य जर्मनीच्या बाजूनं लढलं आणि हरलं. इस्तंबूलमध्ये इंग्रज, फ्रेंच, इटालियन फौजा येऊन बसल्या. सहावा मेहमद उर्फ वहदेत्तिन सुलतान होता, पण नावापुरता. खरी लढाई अनातोलियात मुस्तफा केमाल पाशा लढत होते आणि त्यांचं सरकार अंकाराला होतं.

लढाई जिंकल्यावर अंकाराच्या संसदेनं १ नोव्हेंबर १९२२ ला सुलतानपद रद्द केलं. १७ नोव्हेंबरला वहदेत्तिन इंग्रजांच्या युद्धनौकेवर बसून देश सोडून गेला. सुलतान हाच खलिफाही असायचा. आता सुलतानपद गेलं, पण खलिफापद मोडायची तयारी अजून कुणाची नव्हती. संसदेनं मतदान करून अब्दुलमजीद यांची खलिफा म्हणून निवड केली.

खलिफा म्हणजे पैगंबरांचा वारस, मुस्लिम समाजाचा प्रमुख. ऑटोमन सुलतान १५१७ साली इजिप्त जिंकल्यापासून हे पद आपल्याकडे असल्याचं मानत आले होते. आजवर त्या पदामागं फौज होती, खजिना होता. अब्दुलमजीद यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पेशवाईच्या काळात छत्रपतींची गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला होता, तसंच इथं झालं. गादी इस्तंबूलला आणि कारभार अंकाराला.

तो एक शुक्रवार

२४ नोव्हेंबर १९२२. शुक्रवारचा दिवस. सकाळी तोपकापी राजवाड्यात नव्या खलिफाला मान देण्याचा विधी झाला. तिथून दुपारच्या नमाजासाठी फातिह मशिदीत जायचं होतं.

तोपकापीहून फातिहकडे जाणारा रस्ता जुन्या इस्तंबूलच्या मधोमध जातो. राजवाड्यातून बाहेर पडलं की समोर आयासोफिया. सन ५३७ मध्ये चर्च म्हणून बांधलेली आणि १४५३ मध्ये मशीद झालेली ही इमारत. तिच्या समोरच सहा मिनारांची सुलतान अहमद मशीद, जिला परदेशी लोक निळी मशीद म्हणतात. पुढे बायझीदचा चौक आणि त्याला लागून कापाली चार्शी, म्हणजे छप्पर असलेला बाजार. साठेक गल्ल्या आणि जवळपास ४००० दुकानं एकाच छताखाली. सोनार एका गल्लीत, गालिचेवाले दुसरीकडे, चामड्याचं काम करणारे तिसरीकडे, अशी याची जुनी मांडणी. पलीकडे टेकडीवर सिनान या वास्तुकारानं १५५७ मध्ये पूर्ण केलेली सुलेमानिये मशीद. आणि मग फातिह.

या शहरात मशीद आणि बाजार वेगळे काढता येत नाहीत. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असायची आणि तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य, पुजाऱ्याचा पगार चालायचा. इस्तंबूलमध्ये जमिनीसोबत दुकानांवरही हेच चालायचं. याला वक्फ म्हणतात. कापाली चार्शीचा मूळ भाग दुसऱ्या मेहमदनं बांधला आणि त्याच्या भाड्याचं उत्पन्न आयासोफियाला लावून दिलं. सतराव्या शतकातला मसाल्यांचा मिसर बाजार येनी जामी या मशिदीच्या खर्चासाठी उभा राहिला. फातिह मशिदीभोवती तर मदरसे, दवाखाना, गरिबांना जेवण देणारं अन्नछत्र, ग्रंथालय असा सगळा पसारा होता. मिरी आणि दालचिनी विकणाऱ्याच्या भाड्यावर मशिदीतले दिवे जळायचे, आणि मशिदीत येणाऱ्या गर्दीवर त्याचं दुकान चालायचं.

या सगळ्या व्यवस्थेच्या टोकाला सुलतान बसलेला असायचा. दर शुक्रवारी तो मिरवणुकीनं नमाजाला जायचा आणि दोन्ही बाजूंना लोक त्याला बघायला उभे राहायचे. त्याला सेलामलिक म्हणत. राजा जिवंत आहे, गादी शाबूत आहे, हे सामान्य माणसाला पटवायची ती जागा होती.

२४ नोव्हेंबरचा सोहळा मात्र वेगळा होता. नवा सुलतान झाला की त्याच्या कमरेला एयुप इथं तलवार बांधायचा मोठा विधी असे. अब्दुलमजीद यांना तलवार मिळाली नाही, कारण ते सुलतान नव्हते. दुसऱ्या मेहमदसारखा फेटा आणि झगा घालावा अशी त्यांची इच्छा होती, तीही अंकारानं मानली नाही. त्यांनी साधा लांब कोट घातला. फातिह मशिदीत त्या दिवशी खुतबा अरबीऐवजी तुर्की भाषेत झाला. त्याच मशिदीच्या आवारात इस्तंबूल जिंकणाऱ्या मेहमदची कबर आहे. ज्यानं शहर घेतलं त्याच्या दारात त्याच्या घराण्याचा शेवटचा वारस नमाज पढत होता.

दर शुक्रवारी वेगळी मशीद

पुढचे पंधरा महिने अब्दुलमजीद यांच्याकडे जाहीर असं एकच काम उरलं, शुक्रवारच्या नमाजाला जाणं. ते त्यांनी मनापासून केलं.

संशयी अब्दुलहमीद आपल्या यिल्दिझ राजवाड्याच्या दारातच मशीद बांधून तिथेच जायचा. तिथेही १९०५ साली त्याच्यावर बॉम्बहल्ला झाला होता. अब्दुलमजीद यांनी उलट केलं. ते शहरातल्या वेगवेगळ्या मशिदींत जायला लागले. कधी घोड्यावरून, कधी बोस्फोरसच्या पाण्यातून नावेनं पलीकडच्या काठावर उस्कुदारला. ज्या माणसाची उमेदीची वर्षं भिंतीआड गेली होती, तो आता दर आठवड्याला आपलं शहर बघत होता आणि शहर त्याला बघत होतं.

अंकाराला हे खुपायला लागलं. सुलतान नाही, तर ही मिरवणूक कशाची? लोक गर्दी का करतात? परदेशी वकील खलिफाला भेटायला का जातात? ऑक्टोबर १९२३ मध्ये अंकारा राजधानी झाली आणि २९ ऑक्टोबरला तुर्कस्तान प्रजासत्ताक झालं. प्रजासत्ताकात राजघराण्यातला एक माणूस घोड्यावरून लोकांचे सलाम घेत फिरतोय, हे केमाल पाशांना चालणार नव्हतं. खलिफाकडून खर्चाला जास्त पैसे मागितले गेले, तेव्हा तर उघड वाद झाला.

मुंबईतून सुरू झालेली चळवळ आणि एक पत्र

या सगळ्यात भारत आधीपासून गुंतलेला होता. महायुद्धानंतर ऑटोमन खलिफाचं पद वाचवण्यासाठी भारतात खिलाफत चळवळ उभी राहिली. तिचं मुख्य केंद्र मुंबई. मध्यवर्ती खिलाफत समितीचे अध्यक्ष मियां मोहम्मद छोटानी हे मुंबईतले लाकडाचे मोठे व्यापारी होते. गांधीजींनी या चळवळीला पाठिंबा दिला आणि १ ऑगस्ट १९२० ला तिच्यासोबत असहकार चळवळ सुरू झाली. लोकमान्य टिळकांचं निधन झालं तो हाच दिवस. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून आजही ईद-ए-मिलादचा जुलूस निघतो, ते नाव त्या काळाची आठवण आहे.

नोव्हेंबर १९२३ मध्ये दोन भारतीय नेत्यांनी तुर्कस्तानचे पंतप्रधान इस्मत पाशा यांना पत्र लिहिलं. एक आगाखान, ज्यांनी पुण्याचा आगाखान पॅलेस बांधला तेच. दुसरे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली. खलिफाचा मान कमी करू नका, अशी त्यांची विनंती होती. पण पत्र सरकारला मिळायच्या आधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. अंकारात संताप उसळला. इंग्रजांच्या मर्जीतले, त्यातही शिया असलेले दोन लोक आम्हाला सुन्नी खलिफाबद्दल शिकवणार का, असा सूर लागला. पत्र छापणाऱ्या संपादकांवर खटले भरले गेले. खलिफाला वाचवायला लिहिलेलं पत्र त्यांच्यावरच उलटलं.

एका रात्रीत शहर सुटलं

२९ फेब्रुवारी १९२४ हा खलिफा म्हणून अब्दुलमजीद यांचा शेवटचा शुक्रवार ठरला. सोमवारी, ३ मार्चला संसदेनं खलिफापद रद्द केलं आणि ऑटोमन घराण्यातल्या सगळ्यांना देशाबाहेर काढायचा कायदा केला. त्याच दिवशी धर्म आणि वक्फ सांभाळणारं मंत्रालयही बंद झालं. म्हणजे मशीद, बाजार आणि गादी यांना बांधणारी जुनी दोरी एकाच दिवसात कापली गेली.

त्या रात्री इस्तंबूलचे गव्हर्नर आणि पोलीसप्रमुख दोल्माबाहचे राजवाड्यात पोचले. पहाटेच्या आत निघायचं, असा हुकूम होता. शहरातल्या सिर्केजी स्टेशनवर लोक जमतील या भीतीनं त्यांना मोटारीनं शहराबाहेर चाताल्जाला नेलं आणि तिथून युरोपला जाणाऱ्या रेल्वेत बसवलं. सोबत बायका, मुलगा उमर फारूक आणि दहा वर्षांची मुलगी दुर्रुशेहवार. चाताल्जाचा स्टेशनमास्तर ज्यू होता. स्पेनमधून हाकललेल्या आपल्या पूर्वजांना ऑटोमनांनी आसरा दिला होता, याची जाण ठेवून त्यानं या कुटुंबाची सरबराई केली, असं सांगितलं जातं.

स्वित्झर्लंडच्या सीमेवर पुन्हा अडचण आली. एकापेक्षा जास्त बायका असलेल्या माणसाला तिथल्या कायद्यानं प्रवेश नव्हता. काही वेळ अडकून पडल्यावर परवानगी मिळाली. त्याच वर्षी पुढे हे कुटुंब फ्रान्सच्या दक्षिणेला नीस शहरात राहायला गेलं. इस्तंबूल परत दिसलं नाही.

निजामाचे ३०० पौंड आणि दोन लग्नं

परक्या देशात खायचं काय, हा प्रश्न होता. तो सोडवला निजामानं. खिलाफत चळवळीतले मौलाना शौकत अली यांनी शब्द टाकला आणि निजामानं अब्दुलमजीद यांना महिना ३०० पौंडांचं वेतन सुरू केलं.

निजामाचं राज्य म्हणजे नुसतं हैदराबाद शहर नव्हे. सगळा मराठवाडा त्यात होता. सोलापूर इंग्रजांकडे, पण नळदुर्ग आणि तुळजापूर निजामाकडे. सोलापूरहून वळसंगमार्गे अक्कलकोटला आणि तिथून पुढे गुलबर्ग्याकडे निघालेला माणूस वाटेत निजामाच्या मुलखात शिरायचा. १९३७ साली एका अमेरिकन साप्ताहिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलेला हाच तो निजाम. त्याच्याकडे पैसा होता, पण खलिफाच्या घराण्याचा मान नव्हता. अब्दुलमजीद यांच्याकडे मान होता, पण पैसा नव्हता.

१२ नोव्हेंबर १९३१ ला नीसमध्ये दोन लग्नं झाली. निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याचं दुर्रुशेहवारशी आणि धाकटा मुअज्जम जाह याचं घराण्यातल्याच निलोफरशी. दोन्ही जोडपी ज्या पिल्स्ना जहाजानं भारतात आली, त्याच जहाजानं गांधीजी गोलमेज परिषदेहून परतत होते. डिसेंबरच्या अखेरीस ते मुंबईला लागलं. ज्या घराण्याच्या पदासाठी गांधीजींनी दहा वर्षांपूर्वी सभा घेतल्या, त्या घराण्यातल्या मुली आता सासरी निघाल्या होत्या.

१९३३ साली दुर्रुशेहवार यांना मुलगा झाला, मुकर्रम जाह. एका आजोबांकडून निजामाची गादी आणि दुसऱ्या आजोबांकडून खलिफाचा वारसा, असा हा नातू.

दहा वर्षं दफनाची वाट

अब्दुलमजीद पुढे पॅरिसला राहायला गेले. चित्रं काढणं सुरूच होतं. २३ ऑगस्ट १९४४ ला हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. पॅरिसच्या रस्त्यांवर तेव्हा जर्मनांशी शेवटची लढाई चालू होती आणि दोनच दिवसांनी शहर मुक्त झालं. त्या धामधुमीत एका माजी खलिफाच्या मरणाकडे कोण बघणार?

त्यांना इस्तंबूलमध्ये दफन करावं म्हणून दुर्रुशेहवार यांनी प्रयत्न केले. त्या स्वतः तुर्कस्तानात जाऊन राष्ट्राध्यक्ष इस्मत इनोनू यांना भेटल्या. हे तेच इस्मत पाशा, ज्यांच्या नावे आगाखानांचं पत्र गेलं होतं. परवानगी मिळाली नाही. पुढे सरकार बदललं, तरी नकार कायम राहिला. तोवर मृतदेह पॅरिसच्या मोठ्या मशिदीत जपून ठेवलेला होता. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जवळपास दहा वर्षं.

निजामानं खुलताबादला बांधलेला मकबरा याच काळाशी जोडलेला. जागेची निवड बघितली की त्यामागचा विचार कळतो. संतांचे दर्गे, बादशहाची कबर आणि स्वतःच्या घराण्याच्या मूळ पुरुषाची कबर जिथे आहे, तिथे व्याह्यालाही जागा द्यायची. पण सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि मराठवाडा मुक्त झाला. निजामाचं राज्यच उरलं नाही. खलिफाचं पार्थिव खुलताबादला कधी आलंच नाही.

शेवटी पॅरिसच्या मशिदीनंही आता आणखी ठेवता येणार नाही असं कळवलं. मार्च १९५४ मध्ये अब्दुलमजीद यांना सौदी अरेबियात, मदिनेच्या बकी कब्रस्तानात दफन करण्यात आलं.

त्यांच्या घराण्यातल्या बायकांना १९५२ मध्ये आणि पुरुषांना १९७४ मध्ये तुर्कस्तानात परतायची मुभा मिळाली. नातू मुकर्रम जाह उतारवयात इस्तंबूललाच राहिले आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथेच वारले. त्यांचं पार्थिव मात्र हैदराबादला आणून मक्का मशिदीत दफन केलं गेलं. आजोबांना जे शहर शेवटपर्यंत मिळालं नाही, तिथे नातवाचा शेवट झाला, आणि नातवाला त्याच्या मातीत परत यायला कुणी अडवलं नाही.

इस्तंबूलमध्ये दर शुक्रवारी आजही फातिह मशीद भरते, कापाली चार्शीत गर्दी असते. अब्दुलमजीद यांची चित्रं तिथल्या संग्रहालयात लोक आवडीनं बघतात. आणि खुलताबादला औरंगजेबाची, मलिक अंबरची, संतांची अशा इतक्या कबरी असताना, खलिफासाठी बांधलेला मकबरा तेवढा रिकामा आहे.